पोल का पडले, पत्रे का उडाले

मागच्या अंकात कोकणातल्या चक्रीवादळांवर विशेष विभाग होता. त्यावर आलेल्या पत्रांत वीज, छप्पर आणि पाणी यांचेच प्रश्न जास्त होते. त्यांतल्या काही पत्रांना उत्तरं देत आहेत रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत वीज वितरणाच्या कामात हयात घालवून निवृत्त झालेले एक अभियंता. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत वीज यायला कित्येक आठवडे लागले. दर वादळात पोल पडणार, परत उभे करणार, परत पडणार. सगळ्या तारा एकदाच जमिनीखालून का नेत नाहीत? पोल-तारांच्या ठेक्यात पैसे खायला मिळतात म्हणून?
— बागायतदार, श्रीवर्धन तालुका

पैसे खायचेच असतील तर जमिनीखाली उलट जास्त सोय. चर बुजवल्यावर केबल किती खोल टाकली हे कोण उकरून बघणार? तेव्हा ते कारण बाजूला ठेवू.

आधी पोल पडले कसे ते बघा. ३ जून २०२० ला वादळ अलिबागच्या दक्षिणेला, तुमच्याच पट्ट्यात आत शिरलं. नंतर त्या भागात फिरताना आडव्या पोलांचे तीन प्रकार दिसत होते, आणि तिघांची दुखणी वेगळी. खाजणाच्या कडेला आणि भाताच्या खाचरांत सिमेंटचे पोल अख्खेच्या अख्खे झोपलेले होते, कुठे तडासुद्धा नाही. म्हणजे पोल चांगला, पाया कच्चा. पोलाच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत हवा. नऊ मीटरचा पोल दीड मीटर आत. चिखलाच्या जागी तेवढ्यानेही भागत नाही, बुडाशी काँक्रीट भरावं लागतं. दुसरीकडे, जांभ्याच्या सड्यावर, पोल जमिनीलगत मोडलेले आणि तुटल्या तोंडातून आतल्या पोलादी तारा झाडूच्या हिरांसारख्या बाहेर. तिथे पाया घट्ट, पोलाची ताकद अपुरी. आणि तिसरा प्रकार, जो मी सर्वांत जास्त पाहिला: आंबा, फणस, नारळ, पोफळी लाईनवर कोसळून तारेने पोल ओढून आणलेले. झाड एकच पोल पाडतं. पण तो पोल तारेच्या ओढीने पुढच्याला घेतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. लाईनीत अधूनमधून दोन्ही बाजूंनी ताण दिलेला भक्कम पोल नसेल तर सगळी रांग पुढच्या वळणापर्यंत खाली येते.

हे पंचनाम्यात येत नाही. तिथे ‘पोल पडले, नग इतके’ एवढीच नोंद होते, आणि मग तिन्ही ठिकाणी तोच पोल, तसाच, त्याच खड्ड्यात परत उभा राहतो. माझी खरी तक्रार ही आहे.

आता भूमिगत केबल. झाडांच्या दुखण्यावर ती रामबाण आहे यात वाद नाही. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबाग आणि रत्नागिरी शहरांत हे काम घेतलं गेलं. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळाने विशाखापट्टणमची दैना केल्यावर त्या शहरातही तारा जमिनीखाली गेल्या. निसर्गनंतर राज्याने कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प हाती घेतला, त्यातही भूमिगत वाहिन्या आहेत. पण ही सगळी उदाहरणं शहरांची आणि दाट वस्तीची. एका किलोमीटर केबलवर शेकडो वीजमीटर बसतात, तेव्हा खर्च अंगाला लागत नाही. तुमच्या वाडीत किलोमीटरभर केबल टाकून घरं मिळणार पाच-सात, आणि एक मंदिर. सड्यावर चर मारायचा तर ब्रेकर लावावा लागतो. खाडीलगत केबलच्या जॉइंटमध्ये खारं पाणी शिरतं. तुटलेली तार लाईनमनला रस्त्यावरून चालता चालता दिसते; केबलमधला फॉल्ट शोधायला टेस्टिंग व्हॅन यावी लागते, आणि वादळानंतर ती व्हॅन सगळ्यांनाच हवी असते. शिवाय रस्ता रुंद करणारा जेसीबी केबलला वादळापेक्षा जास्त वेळा भेटतो.

माझ्या हातात असतं तर मी असं केलं असतं. उपकेंद्रापर्यंत येणारी ३३ केव्हीची मुख्य वाहिनी भक्कम लोखंडी पोलांवर, ठरावीक अंतरावर ताणाच्या पोलांसह, आणि शक्य तिथे प्रत्येक उपकेंद्राला दोन दिशांनी पुरवठा. ही एक लाईन पडली की तालुका अंधारात जातो, त्यामुळे इथे कंजूषपणा नको. बाजारपेठ, ग्रामीण रुग्णालय, नळपाणी योजना, तहसील कचेरी एवढ्यांपर्यंत भूमिगत केबल. आणि वाडीत पोलच, पण उघड्या तारांऐवजी एबी केबल, म्हणजे इन्सुलेशन असलेल्या तारा एकत्र पिळलेली केबल. तिच्यावर फांदी टेकली तरी लाईन ट्रिप होत नाही.

एबी केबलची एक खोड मात्र आहे. ती तुटत नाही. वर मोठं झाड आलं की उघडी तार तुटून मोकळी होते. ही केबल तग धरते आणि पोलाला सोबत घेऊन जाते. म्हणून केबल पोलाला धरणारा क्लॅम्प असा निवडायचा की जास्त ओढ आली की आधी तो सुटावा. केबल जमिनीवर पडेल, पोल उभा राहील. दोन माणसं शिडी घेऊन दुपारपर्यंत ती परत वर चढवतात. पोल मोडला तर नवा पोल बागेतल्या पाऊलवाटेने आणायचा कसा? क्रेन आत येत नाही. निसर्गनंतर कित्येक वाड्यांत माणसांनी पोल खांद्यावर वाहून नेले, तेही चिखलातून, तोंडाला मास्क बांधून. तुमचे ते आठवडे गेले त्यातच. तेव्हा वादळात काय पडू द्यायचं हे आपणच आधी ठरवायचं आणि ते स्वस्त, हाताने उचलता येणारं असेल असं बघायचं. काहीच पडणार नाही अशी लाईन कोणी कागदावर दाखवली तर तिच्या अंदाजपत्रकाचं शेवटचं पान आधी वाचा.

प्रश्न : अरबी समुद्रात वादळं खरंच वाढली आहेत, की मोबाईलमुळे आपल्याला जास्त कळतात?
— मूळ गाव दापोली तालुका, सध्या डोंबिवली

दोन्ही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या काळातल्या नोंदी तपासल्या. १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ असे दोन कालखंड शेजारी ठेवले, तर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसतात आणि त्यांचा समुद्रात राहण्याचा काळही वाढला आहे. बंगालच्या उपसागरात संख्या थोडी घटली आहे. कारण तापलेलं पाणी. पूर्वी आपली बाजू तुलनेने थंड, म्हणून वादळाला तिथे फारसं खाद्य मिळत नसे.

याचा अर्थ दरवर्षी दापोलीला वादळ धडकणार असा नाही. बरीचशी ओमानकडे किंवा गुजरातकडे जातात. पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला न धडकता समुद्रातून वर सरकलं आणि उनाजवळ गुजरातेत शिरलं, तरी सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत झाडं आणि पोल पडलेच. निसर्गला वर्ष व्हायचं होतं. नव्याने उभ्या केलेल्या काही लाईनी वर्षाच्या आत परत झोपल्या. तुमच्या गावचे लोक हे विसरले नसतील.

प्रश्न : मी नुकताच सिव्हिल इंजिनिअर झालो. कोकणात इमारत बांधताना चक्रीवादळासाठी वेगळा भार धरायचा असतो का? एक जण म्हणतो हो, एक म्हणतो नाही.
— रत्नागिरी

‘नाही’ म्हणणारा कोड वाचून बोलतो आहे, ‘हो’ म्हणणारा आकाश बघून.

वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग लागतो. २०१५ च्या आवृत्तीत के-फोर नावाचा गुणक आहे, चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी. वादळानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींना १.३०, कारखान्यांना १.१५, बाकीच्यांना १. हा पट्टा किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटर रुंद धरला आहे. पण कुठल्या किनाऱ्यावर? सगळा पूर्व किनारा आणि गुजरात. कोकण त्यात नाही. ही आवृत्ती आली तेव्हा तो निर्णय अगदीच गैर म्हणता आला नसता. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळासारखं काही आपण पाहिलेलं नव्हतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ येऊन गेलं होतं, पण ते लोकांच्या लक्षात राहिलं मासेमारीच्या बोटींमुळे, इमारतींमुळे नव्हे.

तुम्हाला कायद्याने बंधन नाही, पण मनाईही नाही. शाळा (वादळात तीच निवारा होते), दवाखाना, अग्निशमन केंद्र, उपकेंद्राची कंट्रोल रूम यांचं डिझाईन करताना १.३० धरा, असं मी मालकाला सांगेन. एक लक्षात ठेवा, हा गुणक वेगाला लागतो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग १.३० पट म्हणजे भार १.६९ पट. मालक किंचाळेल. त्याला सांगा की खर्च तेवढ्या पटीने वाढत नाही. पाया, स्लॅब, विटा तेवढ्याच राहतात, वाढतात ते मुख्यतः छपराचे सांधे आणि त्यांतलं लोखंड. राहत्या साध्या घराला १.३० ची गरज नाही, पण छपराच्या कडांचं गणित तिथेही नीट करा. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रश्न : आमच्या घरावर कौलं होती. वादळात निम्मी गेली म्हणून पत्रे घातले, तर तौक्तेत पत्रेच उडाले. आता ह्यांचं म्हणणं, पत्र्यावर जांभ्याचे चिरे ठेवू. तुम्ही काय सांगाल?
— गृहिणी, गुहागर तालुका

ताई, चिरे चढवूच नका. पत्रा उडाला की त्याच्याबरोबर चिराही उडतो, आणि तो कोणाच्या अंगणात पडेल ते वारा ठरवतो.

पत्रा वाऱ्याने ‘ढकलला’ जात नाही, वर ओढला जातो. वारा छपरावरून वेगाने गेला की वर पोकळी होते. त्यात एखादं दार किंवा खिडकी उघडली गेली तर आतून वारा छपराला खालून रेटतो. ही ओढ सगळ्या छपरावर सारखी नसते. पागोळीची कड, आढ्याची ओळ आणि कोपरे इथे ती सर्वांत जास्त. तुमचे पत्रे उडाले तेव्हा आधी कोपऱ्याचा गेला असणार, नंतर बाकीचे. म्हणून गवंडी सगळीकडे सारख्या अंतरावर हुक मारतो ते पुरेसं नाही. मधल्या भागात जेवढे हुक, त्याच्या साधारण दुप्पट कडेच्या रांगांत आणि कोपऱ्यांत मारायला सांगा. हुकाखाली रुंद वॉशर हवा. लहान वॉशर असला की हुक जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्याभोवती फाटून निघतो. गुहागरसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेने हुक दोन-चार पावसाळ्यांत गंजतात, तर दर एप्रिलमध्ये एकदा शिडी लावून बघून घ्या.

पण नुसता पत्रा रिपेला घट्ट असून भागत नाही. रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला. ह्या साखळीतली एक कडी सैल असेल तर वारा तीच शोधतो. जुन्या घरांत वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, कौलांच्या वजनावर भिस्त ठेवून. तुम्ही कौलं काढून हलका पत्रा घातलात तेव्हा ते वजन गेलं, आणि सांधे मात्र तेच राहिले. खरी गडबड तिथे झाली. लोखंडी पट्ट्या घ्या, वाशावरून वळवून भिंतीत खाली दोन-तीन थर उतरतील एवढ्या लांब, आणि चिऱ्यांत सिमेंटने पक्क्या करा. लोहाराकडे होतात.

दोन गोष्टी आणखी. पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग जोडू नका. पडवी खालून उघडी, ती आधी उडते, आणि सलग असेल तर घराचं छप्परही ओढून नेते. मध्ये सांधा तोडा. आणि नवीन बांधायची वेळ आली तर दोनपाखीपेक्षा चौपाखी घर बांधा. आपल्या जुन्या लोकांनी ती पावसासाठी बांधली असतील, पण वाऱ्यालाही चौपाखी छपराचं नाक पकडता येत नाही.

प्रश्न : वीज गेली की नळपाणी योजना बंद, आणि गाव माझ्या दारात. ग्रामपंचायतीने जनरेटर घ्यावा असं ठरतंय. किती मोठा घ्यावा? गावात काही घरांनीही जनरेटर घेतले आहेत.
— सरपंच, मंडणगड तालुका

सरपंचबाई, तुमचा प्रश्न पहिल्या वाक्यात आहे, पण मला काळजी शेवटच्या वाक्याची वाटते.

घरातला जनरेटर लोक बहुधा एका दोन तोंडी वायरने भिंतीतल्या प्लगात घालतात. घर उजळतं. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज मीटरमधून उलट बाहेर, पोलावर आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. ट्रान्सफॉर्मरला उलट-सुलट कळत नाही. २३० व्होल्ट घेऊन तो पलीकडे ११ हजार काढतो. दोन किलोमीटरवर लाईनमन पोलावर चढलेला असतो; त्याने शटडाऊन घेतलेलं, म्हणजे लाईन बंद करून घेतलेली, परमिट खिशात. म्हणून आमच्याकडे नियम आहे की काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी तारा डिस्चार्ज रॉडने जमिनीला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही. पण वादळानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली, दिवस-रात्र राबलेली माणसं असतात, आणि एका ठिकाणी रॉड लावायचा राहतो. जनरेटर असलेल्या प्रत्येक घरात चेंजओव्हर स्विच बसलाच पाहिजे, जेणेकरून एका वेळी एकच वीज घरात येईल. ग्रामसभेत हा ठराव घ्या आणि वायरमनला घेऊन घरोघर बघा. जनरेटर घेणाऱ्याला त्या स्विचचा खर्च काहीच वाटू नये.

आता तुमचा जनरेटर. १० एचपीच्या मोटारीला १० केव्हीएचा जनरेटर पुरेल असं दुकानदार सांगेल, पण सुरू होताना मोटार कितीतरी पट करंट ओढते आणि जनरेटर मान टाकतो. साध्या स्टार्टरवर असेल तर दुप्पट-अडीचपट क्षमता धरा, स्टार-डेल्टा, म्हणजे सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा स्टार्टर असेल तर थोडी कमी चालेल. डिझेलचा साठा आधी करा; वीज नसली की पेट्रोलपंपाचा पंपही बंद असतो. जनरेटर ‘गावातल्या कोणाचा तरी’ असून चालणार नाही. चालवणारा माणूस ठरवा, आणि महिन्यातून एकदा पाण्याची मोटार लावून तो चालवून बघा. मोकळा फिरवून ‘चालू आहे’ अशी नोंदवहीत सही करण्याला काही अर्थ नाही.

हवामान खात्याचा इशारा आला की टाकी काठोकाठ भरून घ्या. ह्याला काही खर्च नाही आणि गावाला एक-दोन दिवस मिळतात. आणि पंपघर नदीकाठी असेल तर स्टार्टरचं पॅनेल भिंतीवर पुराच्या खुणेच्या वर चढवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वारा नव्हता, पण पाण्यात गेलेल्या पॅनेलना आणि मोटारींना उन्हात वाळवत बसावं लागलं ते लागलंच.

मोबाईलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमच्या गावाला सिग्नल देणारा टॉवर कुठला, त्याला बॅटरी किती तासांची, डिझेल कोण घालतो, हे मे महिन्याच्या आत तहसीलदारांच्या बैठकीत विचारा. आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता येईल अशी सोय सरकार सुरू करू शकतं, पण त्यासाठी निदान एक टॉवर जिवंत लागतो.

प्रश्न : छपरावर सोलर बसवलं, कडक ऊन पडलं होतं, तरी वीज गेल्यावर घरात काळोख. फसवणूक झाली का?
— निवृत्त शिक्षक, अलिबाग

नाही, गुरुजी. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेला आहे. लाईनवर वीज नसेल तर तो मुद्दाम बंद होतो, वर सरपंचांना सांगितलेल्या त्याच लाईनमनसाठी. वादळात दिवे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर लागेल. तो घेताना पॅनेलच्या पायांचे बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल आहेत तेही बघा. नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली पॅनेलं मी शेजारच्या नारळाच्या शेंड्यात पाहिली आहेत.

प्रश्न : वायरमन येऊन आमच्या हापूसच्या फांद्या तोडतात, तेही नेमक्या फळ धरलेल्या. लाईन आधी की झाड आधी?
— बागायतदार, देवगड तालुका

तुमच्या बाबतीत बहुधा झाड आधी. पण लाईन तिथून हलणार नाही.

पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मे मध्ये होते, म्हणजे आंब्याच्या ऐन हंगामात. वायरमनला वरून आदेश, तुम्हाला पेटीचा भाव, भांडण ठरलेलं. मग तो अर्धवट फांद्या तोडून निघून जातो, आणि अर्धवट तोडलेली फांदी वादळात सर्वांत आधी तुटते. ह्यावर एकच इलाज मला चाललेला दिसला. फळ उतरलं की, जूनच्या आरंभी पाऊस बसायच्या आत, तुम्ही स्वतः तुमच्या माणसाकडून छाटणी करून घ्यायची. त्या दिवसापुरतं शटडाऊन मिळावं म्हणून अर्ज फेब्रुवारीतच शाखा कार्यालयात द्यायचा आणि तारीख लेखी मागायची. शटडाऊन असल्याशिवाय तारेजवळ कोयता नेऊ नका. मे महिन्यात वादळ आलं तर मात्र त्या वर्षी हा क्रम उलटतो, तेव्हा लाईनीला खरोखर टेकणाऱ्या दोन-चार फांद्या हंगामातही सोडाव्या लागतील. त्या फांद्या कुठल्या हे वायरमनने नव्हे, तुम्ही दाखवा. आणि नवीन कलमं लावताना लाईनीखालची ओळ मोकळी ठेवा. तिथे अननस लावा, मिरी लावा, पण चाळीस फुटांवर जाणारं काही नको.